अरे-तुरेतली शोना

बहारीनच्या गुदैबिया भागातल्या त्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या एकाच दाराला पितळी पाटी होती. 'श्री. सदानंदराव निगुडकर'. बाकीच्या दारांवर पाट्या नव्हत्या, कारण नोकरी संपली की व्हिसा संपायचा, व्हिसा संपला की भाडेकरू जायचा, आणि मग पाटीचं करायचं काय? सदानंदरावांनी मात्र ती कराडहून खास करून आणली होती. 'श्री' आणि 'राव' ही दोन्ही टोकं त्यांनी कारागिराला स्वतःच्या हातानं लिहून दिली होती. माणसानं आधी स्वतःचा मान राखावा, मग जग राखतं, असं ते सांगत. जगानं हे अजून फारसं मनावर घेतलं नव्हतं.

अंगकाठी बेताची, आवाज मात्र तालीममास्तरासारखा. कडक उन्हाळ्यातही टाय. जिना उतरताना ते असे उतरत, की खाली प्रेक्षक बसलेत आणि तिसरी घंटा नुकतीच झाली आहे. खाली असायचं किराणा दुकान आणि लसणाच्या माळा.

मान हे त्यांचं पथ्य आणि मान हेच दुखणं. बायको मंगला भांडणातसुद्धा "अहो, तुम्ही अगदी मूर्ख आहात," असंच म्हणायची. त्यातलं 'मूर्ख' त्यांनी पोटात घातलं असतं, 'अहो' गळलेलं चाललं नसतं. पेट्रोल पंपावरचा माणूस "या रफीक, यल्ला यल्ला!", म्हणजे 'ए दोस्ता, चल चल', म्हणून त्यांना हाकलायचा, तेव्हा ते मंगलाला समजावत, "अरबी भाषेत अहो-जाहो नाहीच. त्याचा काय दोष?" दोष कोणाचा नसला तरी दिवसभर चेहरा पडलेला असायचा.

आणि समोरच्या दारात बायको फ्लोरीसह राहायचा अँब्रोज. वसईचा, हूऱ्यातल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर. गोड माणूस, पण जीभ तिखट. तो सदानंदरावांना 'सदू' म्हणायचा.

"निदान चारचौघांत तरी सदानंदराव म्हणत जा, अँब्रोज."

"अरे, आमी देवाला पन 'तू' म्हनतो. येसूला तू, मारियामायला तू. तू काय त्यांच्या वरचा लागून गेला?"

"देवाचं वेगळं. त्याला ऑफिस चालवायचं नसतं."

ऑफिस म्हणजे रिफाच्या रस्त्यावरचा बसडेपो. सौदीकडे जाणाऱ्या पुलाचं काम चालू होतं आणि तिथल्या मजुरांची ने-आण करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे सदानंदराव ट्रान्सपोर्ट सुपरवायझर होते. कुठली बस कुठल्या कॅम्पला, कुठला ड्रायव्हर कुठल्या शिफ्टला, हे ते ठरवत. काम त्यांना उत्तम येत होतं, हे कबूल करायला हवं. पण डेपोच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की अहो-जाहोची सगळी भांडी ते बाहेर ठेवून येत. आत फक्त 'ए' असायचा.

"ए लतीफ! ए, इधर आ! बहरा है क्या?"

लतीफ हैदराबादचा. पोट सुटलेला, शांत, नमाजी ड्रायव्हर. तो "आया साब" म्हणून धावत यायचा. सदानंदरावांना यात काही विसंगत वाटत नव्हतं. ज्याला स्वतःला मान हवा असतो, त्याला तो बऱ्याचदा दुसऱ्याच्या ताटातून उचलावा लागतो.

एकोणीसशे पंच्याऐंशी साल उजाडलं आणि पुलाचं काम संपत आलं. बसगाड्या रांगेनं उभ्या राहू लागल्या. एकेका ड्रायव्हरला 'खलास' ऐकवलं जाऊ लागलं. उन्हाळ्याच्या आत कंत्राट संपणार आणि त्याबरोबर सदानंदरावांचा व्हिसाही, हे ठरलेलं होतं.

मग कराड. कराडला थोरला चुलतभाऊ अण्णा होता, त्याचा ट्रकचा धंदा होता, आणि त्यात मुनीमजीची एक खुर्ची सदानंदरावांसाठी कायम रिकामी होती. अण्णा मनाचा मोठा. पण सदानंदरावांना चड्डीच्या वयापासून ओळखणारा. "ए सद्या!" ही हाक तो अशी मारायचा की कृष्णेच्या पलीकडे ऐकू जावी. अण्णा 'सद्या' म्हणतो म्हणून क्लीनर 'सदूभाऊ' म्हणणार, आणि वर्षभरात क्लीनरही 'सद्या'वर येणार, हे सदानंदरावांना स्वच्छ दिसत होतं. परदेशात काढलेली सगळी वर्षं एका हाकेसरशी पुसली जाणार होती.

म्हणून त्यांनी अर्जांवर अर्ज टाकले. एकच उत्तर आलं, ते थेट हरारेहून. झिंबाब्वे स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाली होती. तिथल्या एका बस कंपनीला डेपो सुपरवायझर हवा होता. कंपनीचे मालक श्री. चिरेंजे मार्चमध्ये आखातात येऊन उमेदवारांना भेटणार होते. खाली एक वाक्य होतं: स्थानिक शोना भाषा थोडीफार येत असल्यास तिचा विचार केला जाईल.

"शोना?" मंगला म्हणाली. "ती कुठं मिळते?"

ती डेपोतच मिळत होती, हे सदानंदरावांचं भाग्य. डेपोचे मॅनेजर हिग्ससाहेब झिंबाब्वेतलेच, म्हणजे त्यांच्या मते ऱ्होडेशियातले. तिथे त्यांची शेती होती, लॉऱ्या होत्या, नोकरचाकर होते. देश स्वतंत्र झाला आणि साहेब बहारीनला आले. उरलेला राग ते बिअरबरोबर घेत.

दुपारच्या शिफ्टनंतर साहेबांचे बूट टेबलावर चढले की शिकवणी सुरू व्हायची. सदानंदराव टाय सारखा करून समोर उभे.

"बस म्हणजे बाझी," साहेब म्हणाले आणि कागदावर रोमन लिपीत लिहिलं.

सदानंदरावांनी कागद पाहिला. बी, एच, ए, झेड, आय. त्यांच्या चेहऱ्यावर मंद हसू आलं. इंग्रजाला 'भ' म्हणता येत नाही, त्याचा काय दोष? मराठी जिभेला 'भ' येतो. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "शोनात बसला भाजी म्हणतात."

"कुठल्या भाजीला बस म्हणतात?" मंगलानं स्वयंपाकघरातून विचारलं.

त्या दिवसापासून इमारतीत करमणुकीला तोटा राहिला नाही. गॅलरीत उभे राहून सदानंदराव रस्त्यावरच्या वाहनांकडे बोट दाखवत आणि मोठ्यानं म्हणत, "भाजी! मोटा! बसिकोरो!" मोटा म्हणजे मोटार, बसिकोरो म्हणजे सायकल. आगगाडीला चितिमा, पण बेटावर रूळच नव्हते, तेव्हा चितिमा डोळे मिटून म्हणावी लागे. विमानाला न्देगे. विमान दर वेळी दिसे असं नाही, म्हणून कबुतरांवर सराव होई.

अँब्रोज दारात उभा राहून टाळ्या वाजवायचा. "सदू, आज काय जेवला? भाजी का? कुठल्या नंबरची?"

एकदा सदानंदराव 'थांब'चा सराव करत होते. थांब म्हणजे मिरा. हा शब्द त्यांना फार आवडला होता, आवाज चढवायला मोकळी जागा होती. "मिरा! मिराऽऽ!" अशी त्यांची आर्त हाक गुदैबियाच्या गल्लीवर गेली आणि चार खिडक्या उघडल्या. मंगला पोळपाट तसाच टाकून बाहेर आली.

"ही मीरा कोण?"

"अगं, क्रियापद आहे."

"कुठल्या मजल्यावरचं?"

शिकवणी पुढे सरकत होती. उया म्हणजे ये. क्विरा म्हणजे चढ. बुरुका म्हणजे उतर. फंबा म्हणजे चाल. कुरुमिद्झा म्हणजे लवकर कर. टाकुरा, उचल. सुंडा, ढकल. न्यारारा म्हणजे... इथे साहेबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "शांत राहा. कोणी घाबरलं, गोंधळ करायला लागलं, की म्हणायचं."

सदानंदरावांनी तो शब्द धीराचा म्हणून मनात जपून ठेवला.

शेवटी त्यांनी भीत भीत विचारलं, "सर, 'कृपया'ला काय म्हणतात?"

हिग्ससाहेबांनी छताकडे पाहिलं. ते खरंच आठवत होते. मग म्हणाले, "कधी लागला नाही तो शब्द."

"आणि नमस्कार?"

"तो ते करायचे. मी हात वर करायचो."

"आदरार्थी रूप, सर? आमच्याकडे तू, तुम्ही, आपण अशी..."

"निगुडकर," साहेब बूट खाली न घेता म्हणाले, "साधी माणसं, साधी भाषा. असले नखरे नाहीत त्यांच्यात."

पाटीवर स्वतःच 'श्री' लिहिणारा हा माणूस, त्याला त्या क्षणी शंका यायला हवी होती. एका अख्ख्या देशात सुनेनं सासऱ्याला, नातवानं आजोबाला 'ए, चढ' म्हणायचं? पण साहेब म्हणाले म्हणजे झालं. सदानंदरावांनी मान डोलावली आणि मंगलाला सांगितलं, "शोनात अहो-जाहो नाहीच. त्यांचा काय दोष?"

मार्चमध्ये चिरेंजे आले आणि उतरले ते नेमके अँब्रोजच्या हॉटेलात. अँब्रोज कितीही टवाळ असला तरी मित्राच्या कामाला चुकणारा नव्हता. किल्ली देतादेताच त्यानं पाहुण्यांच्या कानावर घातलं, की उद्या भेटायला येणारे मिस्टर निगुडकर तुमची भाषा बोलतात. त्या प्रौढ, उंच माणसानं हातातली हॅट काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "शोना? इथे?" आणि तो इतका खूश झाला, की त्यानं सकाळच्या नाश्त्याच्या आधीच तयार होऊन लॉबीत येऊन बसायचं ठरवलं.

हे अँब्रोजनं रात्री येऊन सांगितलं. "मानूस वेडा झालाय आनंदानं. सदू, उद्या फक्त भाजी-भाजी करू नको. जरा तोंड भरून बोल."

दुसऱ्या दिवशी सदानंदरावांनी लॉबीत प्रवेश केला तो असा, की झुंबरानंसुद्धा वळून पाहावं. नवा टाय, डेपोची धुतलेली डॅटसन दाराशी. बेत त्यांनीच आखला होता. खुर्चीत बसून मुलाखत देण्याऐवजी पाहुण्यांना गाडीत घालून डेपो दाखवायचा आणि सगळी शोना रस्त्यावर, प्रत्यक्ष वाहनांच्या साक्षीनं बोलायची.

चिरेंजे उठून उभे राहिले. दोन्ही तळवे हलकेच एकमेकांवर वाजवत ते किंचित झुकले आणि म्हणाले, "मंग्वनानी. मरारा सेई?"

त्यांनी सुप्रभात म्हटलं होतं, आणि झोप कशी लागली ते विचारलं होतं. हिग्ससाहेबांच्या शिकवणीत यातला एकही शब्द नव्हता. सदानंदरावांच्या कानात पहिला शब्द शिरला तो ओळखीचा होऊन. मंगला! ह्यांना आपल्या बायकोचं नाव अँब्रोजनंच सांगितलं असणार. पुढचं 'मरा' त्यांनी उच्चारदोष म्हणून सोडून दिलं.

"मंगला मजेत आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "थँक यू. आपली आठवण काढत होती."

चिरेंजे गोंधळले. काउंटरमागे अँब्रोजनं रजिस्टरमध्ये तोंड घातलं.

सदानंदरावांनी छाती भरून घेतली आणि पल्लेदार आवाजात पहिलं वाक्य फेकलं.

"उया!"

ये. पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. दाराशी सदानंदरावांनी गाडीचं दार उघडून, कमरेत वाकून, अत्यंत अदबीनं हुकूम सोडला.

"क्विरा मोटा! कुरुमिद्झा!"

चढ गाडीत. लवकर. चिरेंजे एकदा त्या वाकलेल्या कमरेकडे आणि एकदा त्या तोंडाकडे बघत राहिले. मग मुकाट्यानं चढले.

वाटेत सदानंदरावांना स्फुरण चढलं. "भाजी!" समोरून बस आली. "न्देगे!" डोक्यावरून विमान गेलं. एक ट्रक फार जवळून गेला, चिरेंजे दचकून काही बोलू लागले, तेव्हा सदानंदरावांनी त्यांच्या गुडघ्यावर थोपटून अतिशय मायेनं धीर दिला. "न्यारारा. न्यारारा."

गप्प बस. गप्प बस.

त्यानंतर पाहुणे खरंच गप्प बसले. सदानंदरावांना वाटलं, धीर आला. चिरेंजे मात्र मधूनमधून मान वळवून मागच्या सीटकडे बघत होते. ती रिकामी होती.

डेपो आला. "बुरुका!" सदानंदरावांनी गर्जना केली आणि दार उघडून पुन्हा वाकले.

चिरेंजे उतरले. हॅट हातात फिरवत, इंग्रजीत, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मिस्टर निगुडकर, ही भाषा तुम्हाला कोणी शिकवली?"

"आमच्या मॅनेजरसाहेबांनी. आपल्या देशात जन्म काढलाय त्यांनी. आज ते सुट्टीवर आहेत, नाहीतर भेट घालून दिली असती."

"माझी भेट झाली," चिरेंजे म्हणाले. "वाटभर होते ते आपल्याबरोबर. मी सारखा मागे वळून बघत होतो, बसलेत कुठं."

सदानंदरावांना हे कळलं नाही. कळलं नाही की ते हसत, तसे हसले. मग चिरेंजे डेपोतल्या एका बाकावर बसले आणि त्यांना शेजारी बसवून घेतलं. माणूस तापट नव्हता.

"तुम्ही मला जे म्हणालात ते शब्द बरोबर आहेत. पण ते लहान पोराला म्हणतात, नाहीतर बैलाला. मोठ्या माणसाला म्हणताना आम्ही पुढे एक 'ई' लावतो. मिरा नाही, मिराई. क्विराई. बुरुकाई. एवढंच. एक स्वर. तुमचे साहेब आमच्याकडे सगळा जन्म राहिले, आणि एवढासा स्वर त्यांना कधी खर्च करावासा वाटला नाही. माझ्याशी माझ्या भाषेत असं कोणी बोलून पाच वर्षं झाली होती. मला वाटलं होतं, ते संपलं."

सदानंदरावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांना खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. टाय ओढून सैल करत ते उठून उभे राहिले, हात जोडले, आणि पुढचा सगळा वेळ ते असे बोलले की ऐकत राहावं. आमच्याकडे तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे. वडिलांपुढे कसं, व्याह्यापुढे कसं. एक अक्षर चुकलं तर लग्नं कशी मोडतात. नोकरीच्या गरजेपोटी ते हे बोलत नव्हते. हा त्यांच्या जिवाचा विषय होता. "सर, माणसाला नुसतं नावानं हाक मारली ना, की त्याचे कपडे काढून घेतल्यासारखं होतं," ते म्हणाले.

चिरेंजेंचा चेहरा हळूहळू सैलावला, त्यांनी सदानंदरावांना पुन्हा शेजारी बसवलं. ते हसले. "मिराई," त्यांनी म्हणून दाखवलं. "मिराई," सदानंदराव म्हणाले. "फंबाई." "फंबाई." दोन प्रौढ माणसं बाकावर बसून बाराखडी घोकत होती. नोकरी हातात आली होती, जवळजवळ मुठीत.

तेवढ्यात फाटकातून एक बस आत आली आणि नको तिथे, थेट पाहुण्यांपुढे, धूर सोडत उभी राहिली.

"ए लतीफ!" सदानंदराव बसल्याजागी गरजले. "ए! किधर मर गया था? दिखता नहीं, साब बैठे हैं? पीछे ले, चल! जल्दी!"

लतीफनं खिडकीतून सलाम केला, "गलती हुई साब," म्हणत बस मागे घेतली. सदानंदराव पुन्हा गोड चेहऱ्यानं पाहुण्यांकडे वळले. "हं, फंबाई. पुढे?"

चिरेंजे पुढे गेले नाहीत. "ही कुठली भाषा होती?"

"हिंदी, सर."

"हिंदीत 'ई' नाही?"

"आहे ना! 'आप' आहे. फार सुंदर आहे."

"मग?"

सदानंदरावांना प्रश्नच कळेना. त्यांनी बसकडे पाहिलं, चिरेंजेंकडे पाहिलं, आणि जे सरळ होतं ते सरळ सांगितलं.

"सर, तो ड्रायव्हर आहे."

चिरेंजेंनी हॅट डोक्यावर घातली. "मीही होतो," ते म्हणाले. "बरीच वर्षं." आणि घड्याळाकडे बघून, आता हॉटेलवर परत जाऊ या, असं सुचवलं.

परतीच्या वाटेवर सदानंदरावांनी एकही शब्द 'ई'शिवाय उच्चारला नाही. हॉटेलच्या दाराशी चिरेंजेंनी हॅट काढली, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "चिसाराई झ्वकनाका, मिस्टर निगुडकर."

'ई'! स्वच्छ, खणखणीत 'ई'! सदानंदराव गुदैबियापर्यंत तरंगत आले. जिन्यातूनच ओरडले, "मंगला, झालं! चिसाराई म्हणाले मला! चि-सारा-ई. सारं ठरलं!"

"तसा अर्थ आहे?"

"अर्थ काय विचारतेस? शेवटी 'ई' आहे. ज्याला घ्यायचं नाही त्याला कोण एवढा मान देईल?"

जगात मान देऊनच नाही म्हणायची रीत असते, हे ह्या गृहस्थाला ठाऊक नव्हतं. त्याला आजवर जो नकार मिळाला होता तो "खलास, रोह!", म्हणजे संपलं, चालता हो, असाच मिळाला होता. संध्याकाळी त्यांनी कराडला ट्रंककॉल लावून अण्णाला कळवलं, की मुनीमजीच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवावा, आम्ही हरारेला निघालो. तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनी निरोपसमारंभ ठरवला. सदानंदरावांनी पहिल्या मजल्यावरच्या लोकांना फुकट शोना शिकवायला सुरुवात केली, आता 'ई'सकट.

चिरेंजे हॉटेल सोडून गेले त्या दिवशी अँब्रोज कामावरून आला आणि स्वतःच्या दाराशी न जाता समोरच्या दाराशी उभा राहिला. मंगलानं दार उघडलं. त्याच्या तोंडावर नेहमीची मिश्किली नव्हती, त्यामुळे तो अनोळखी वाटत होता.

"सदू आहे?"

"या ना, आत आहेत."

अँब्रोज बसला नाही. "बिल करताना त्यांना इचारलं मी. चिसाराई म्हंजे काय." त्यानं कॉलरचं बटण काढलं. "जो जातो ना, तो मागं राहनाऱ्याला म्हनतो. सुखानं राहा."

सदानंदराव खुर्चीत ताठ बसले होते. "राहा?"

"हां. मुक्काम सुखाचा होऊ दे. असं."

"पण 'ई' लावून?"

"'ई' लावून."

"कुठं सुखानं राहा?" मंगला म्हणाली. "व्हिसा तर मेअखेर संपतोय." आणि तिला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला. अँब्रोजला वाटलं ती रडतेय. कदाचित दोन्ही असेल.

"दुसरं कोनाला तरी घेतलं त्यांनी," अँब्रोज म्हणाला. "माझ्याकडे निरोप ठेवलाय, की मिस्टर निगुडकर चांगले मानूस आहेत, काम त्यांना येतं, पन माझ्याकडे ड्रायव्हर फार आहेत."

मग अँब्रोजनं सदानंदरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, सदानंदराव. माझ्याकडे जेवायला चल. फ्लोरीनं मासे केलेत."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं 'राव' म्हटलं होतं. सदानंदरावांना तो 'राव' इतका लागला, की ते उठून आतल्या खोलीत गेले.

अण्णाला पुन्हा ट्रंककॉल लावावा लागला. सदानंदरावांनी वाक्य पाठ केलं होतं, पण ते अर्ध्यात अडकलं. पलीकडून कृष्णाकाठचा तो आवाज समुद्र ओलांडून कानावर आदळला. "अरे ये की! खुर्ची कुणाला द्यायची? तुझीच हाय ती. सद्या, गाढवा, रडतोस काय?" सदानंदराव रिसीव्हर कानाला लावून नुसते हं हं करत राहिले. रडत नव्हते, असं त्यांनी मंगलाला नंतर सांगितलं. लाइन खराब होती.

निरोपसमारंभ ठरला होता तो झालाच. फक्त भाषणांत हरारेच्या जागी कराड घालावं लागलं. हिग्ससाहेबांनी निरोपाला हात वर केला.

विमानतळावर न्यायला डेपोची शेवटची मिनीबस होती आणि चालवायला लतीफ. रस्ताभर सदानंदराव खिडकीतून बाहेर पाहत होते. बस, मोटारी, सायकली सगळं जात होतं, पण त्यांनी कशाचंही नाव घेतलं नाही. मुहर्रकला विमानतळाशी उतरल्यावर लतीफ टपावरच्या ट्रंका काढू लागला, तेव्हा ते घसा खाकरून पुढे झाले. वाक्य त्यांनी वाटेतच जुळवलं असावं.

"लतीफभाई," ते म्हणाले, "आप रहने दीजिए. आप थक गए होंगे. हम उठा लेते हैं।"

लतीफच्या हातातली ट्रंक धप्पकन खाली आली. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला.

"साब, मेरेकू भी निकाल दिये क्या?"

"नहीं नहीं! किसने कहा आपसे?"

"फिर 'आप' काहेकू बोल रहें साब? हिग्स साब भी जिसकू निकालते उसकू पहले 'मिस्टर' बोलते। अन्सार कू बोले, दूसरे दिन टिकट हाथ में। मेरे छोटे-छोटे बच्चे हैं साब, कुछ गलती हुई होंगी तो..."

सदानंदरावांनी समजावलं. देवाची शपथ घेतली. मंगलानं समजावलं. जितकं ते 'आप' म्हणत गेले तितका लतीफ हात जोडत गेला, आणि आजूबाजूची माणसं थांबून बघू लागली. विमानाची वेळ होत आली होती.

शेवटी सदानंदरावांनी डोळे मिटले आणि आपला तो जुना, डेपो हलवणारा आवाज लावला.

"ए लतीफ! नाटक बंद कर! उठा ट्रंक, चल जल्दी!"

"आया साब!" लतीफच्या जिवात जीव आला. दोन्ही ट्रंका खांद्यावर टाकून तो हसत, जवळजवळ पळतच, दाराकडे निघाला.

सदानंदराव रिकाम्या हातांनी त्याच्या मागून चालत राहिले. मंगला शेजारून चालत होती, आणि तिच्याकडे बघण्याची त्यांची हिंमत होत नव्हती.